सूर्य थोडा समोर घे

अल्लीपूरच्या बापूजींची मुलगी सुरभी हिला लहानपणापासून शिसारी फार. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की ती पानावरून उठायची आणि आई मागून ओरडायची, "कोन्या राजाच्या घरी जनम घ्याचा होता बाई तुले!"

घर भाजी पिकवणाऱ्यांचं. वांगी, ढेमसं, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात गोबी. सडके टमाटे वेचणं, शेणखत हातानं पसरणं, गोगलगायी उचलून डब्यात टाकणं ही कामं ती बिनबोभाट करायची. मातीची किळस तिला कधी आली नाही. यायची ती माणसांची. माणसं कुठंही थुंकतात, शिंकतात, त्याच हातानं पुढं प्रसाद देतात. हे तिला सोसत नसे आणि ते तोंडावर दिसायचं. त्यामुळे नातेवाइकांत ती नकचढी म्हणून प्रसिद्ध होती.

बारावीनंतर तिनं नागपूरला ॲनिमेशनचा कोर्स केला आणि पुण्याला एका स्टुडिओत लागली. तिथं तिच्याकडे काम आलं उजेडाचं. कॉम्प्युटरात आधी घर, खुर्च्या, झाडं असा सगळा देखावा उभा करतात. पण त्यात उजेड सोडल्याशिवाय काहीच दिसत नाही. एकेक किरण कुठून निघाला, कशावर आपटला, कुठं वळला आणि शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचला की नाही, याचा हिशेब मशीन करतं, तेव्हा चित्र तयार होतं. मशीन चुकलं की चित्रात काळे डाग पडतात. डाग कशानं पडले ते कळावं म्हणून सुरभीनं ते किरणच रेषांनी काढून दाखवायची सोय करून घेतली होती. पोचलेला किरण पिवळा, मध्ये अडलेला लाल. पडद्यावर सगळीकडे तारा ताणल्यासारखं जाळं दिसायचं. तिला ते आवडायचं. त्या जगात धूळ नव्हती, वास नव्हता, कोणी खाकरत नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर बापूजींनी एकदा विचारलं, "म्हंजे सूर्यातून किरण निघते अन् तू त्याच्या मागं मागं जातं?"

"उलटं जा लागते, बाबा. सूर्यातून तर लाखो निघतात, सारे कुठल्या कुठं जातात. आपल्या डोळ्यात येतात थे थोडेसेच. म्हून डोळ्यापासून सुरुवात करायची अन् उलटं सूर्यापर्यंत जायचं."

बापूजींनी जरा विचार केला. "ओलिताचं तसंच हाय. वाफ्यात पाणी काऊन नाई आलं थे पाहाचं असन, तर विहिरीपाशी उभं राहून फायदा नाई. वाफ्यापासून पाटापाटानं उलटं वर जा लागते. कुठं फुटला थे सापडते मंग."

"तसंच," सुरभी म्हणाली.

आई गेली तेव्हा ती दिवसकार्यासाठी म्हणून आली आणि परत गेली नाही. पुण्याच्या खोलीतली भिंतीवरची बुरशी आणि न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले दुसऱ्या मुलींचे केस यांना ती कंटाळलीच होती. हिंगणघाटला एका कॉम्प्लेक्सात पहिल्या मजल्यावर तिनं गाळा घेतला आणि बाहेर पाटी लावली: घराचे थ्री-डी एलिव्हेशन करून मिळेल.

त्या कॉम्प्लेक्सचा जिना म्हणजे तिच्या रोजच्या आयुष्यातला नरक. इकडे खर्रा खाणाऱ्यांना तोटा नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटायचा, गालात भरायचा आणि तासभर कोपरे रंगवायचे. कॉम्प्लेक्सवाल्यांनी जिन्यात देवांच्या फरश्या बसवल्या, तर लोक दोन देवांच्या मधोमध नेम धरून थुंकू लागले. सुरभी ओढणी नाकाला लावून वर चढायची आणि गाळ्यात शिरल्यावर आधी हात धुवायची.

धंदा मात्र बरा चालला. माणसं घराचा नकाशा घेऊन यायची, ती त्यांना बांधून झाल्यावर घर कसं दिसेल त्याचं चित्र द्यायची. समोर हिरवळ टाक म्हणायचे, लांब काळी गाडी उभी कर, बाजूची नाली काढून टाक. ती काढून टाकायची. तिच्याकडे तयार माणसंही होती, चित्रात पेरायला. हसणारं जोडपं, फुगा धरलेली पोरगी, सायकलवरचा म्हातारा. त्यांच्यातल्या एकाच्याही दातावर डाग नव्हता.

गेल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, तिच्या गाळ्यात गजेंद्र आला. त्याचे टिप्पर चालायचे, मुरूम वाहायचे. पांढरा शर्ट, हातात सोन्याचं कडं, गालात खर्रा. रस सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून बोलायचा. खालच्या टपरीवरचा समोसाही तो वर घेऊन आला होता.

"मॅडम, ॲक्सिडेंटचा पिच्चर करता येते का तुमाले? वकील म्हणते, कोर्टात दाखवाले पाह्यजे."

त्यानं सगळं सांगितलं. जामच्या चौकाअलीकडे, हिंगणघाटकडून येणाऱ्या रस्त्यावर, त्याच्या टिप्परखाली एक भाजीवाली बाई सापडून मेली होती. सकाळची वेळ. बाईच्या नवऱ्यानं भरपाईचा दावा लावला होता. टिप्परचा विमा संपलेला होता, म्हणून कोर्ट जे ठरवेल ते गजेंद्रच्या अंगावर येणार होतं.

"ड्रायव्हरची गलती नाई त्याच्यात. ऊन डोळ्यावर होतं, बाई कडेच्या बोर्डाच्या मांगून एकदम समोर आली. ड्रायव्हरले जसं दिसलं, तसंच्या तसं दाखवाचं. एकदम खरंखुरं."

पडद्यावर सुरभीनं जामच्या चौकाचा नकाशा उघडला. गजेंद्रनं समोशाचं बोट थेट पडद्यावर टेकवलं. "इथी. इथी मेली."

तेलाचा गोल ठसा उमटला. तो गेल्यावर सुरभीनं पडदा पुसला, पुन्हा पुसला, तरी तिथं तिला चकाकी दिसत राहिली. काम तिनं घेतलं. हिरवळ आणि फुगे करून ती विटली होती, आणि एकदा तरी उजेड जसा होता तसा दाखवायचं काम आलं, याचं तिला बरं वाटलं होतं.

मापं घ्यायला ती बापूजींना घेऊन जामला गेली. रस्त्याच्या डाव्या कडेला कुठल्याशा बियाण्याचा भलामोठा बोर्ड लोखंडी खांबांवर उभा होता. खाली खांबांमधून पलीकडचं सगळं दिसत होतं. ढाब्यांनी फेकलेले द्रोण, प्लास्टिकचे पेले, हाडकं चघळणारी कुत्री, आणि त्यावर माशा इतक्या की जमीन हलल्यासारखी वाटायची. बोर्डाच्या पलीकडे एक सपाट जागा होती. ट्रकवाले उतरायचे आणि तिथंच लघवी करायचे.

बापूजी टेपचं टोक धरून थांबले. "इथीच बसे पंचफुला. माह्याकडून कितीकदा वांगे नेले तिनं. फडकं टाकून, पाणी शिंपडून बसे. जागा साफ ठेवे बिचारी."

त्यांच्यासमोरच एक माणूस पँटची चेन वर ओढत तिथून निघाला. सुरभीनं तोंड फिरवलं. जिथं ती बाई मेली, तिथं माणसं मुततात, आणि त्यातल्या कोणाला काही वाटत नाही. मापं घेऊन झाल्यावर ती ढाब्यावर पाणीसुद्धा प्यायली नाही.

गाळ्यात परत येऊन तिनं सगळं उभं केलं. रस्ता, बोर्ड, खांब, टिप्पर. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा ठेवला. पंचफुलेच्या जागी तिच्याकडच्या तयार माणसांतली एकही बाई शोभेना. मग तिनं साधी करडी बाहुली उभी केली, नाक-डोळे नसलेली. जागा, तारीख आणि वेळ भरली की सूर्य कुठं असायला हवा ते प्रोग्रॅम आपोआप दाखवतो. टिप्पर चालला होता उत्तरेकडे. सूर्य उगवला होता उजव्या हाताला. मग तिनं ड्रायव्हरच्या डोळ्यातून किरण सोडले. समोरच्या काचेतून पिवळ्या रेषांचा झुबका निघाला, रस्त्यावर पसरला, काही रेषा बोर्डावर आपटून लाल झाल्या. पण बऱ्याचशा बोर्डाच्या खालून, खांबांमधून पलीकडे गेल्या आणि करड्या बाहुलीच्या पायांवर, कमरेवर, हातांवर जाऊन टेकल्या. तिथून सूर्याकडे निघालेल्या रेषाही मोकळ्या होत्या. बाहुली उन्हात उभी होती. टिप्पर मागे नेला, पुढे आणला, तरी तसंच.

बाई दिसायला हवी होती. चांगली दुरून.

गजेंद्र पाहायला आला तेव्हा सुरभीनं त्याला तेच दाखवलं. तो हनुवटी वर करून बराच वेळ बघत राहिला.

"हे तारा कायच्या हायेत?"

"ड्रायव्हरची नजर कुठं पोचते थे."

"काढून टाका. कोर्टाले तारा कायले दाखवाच्या? अन् सूर्य थोडा समोर घे."

तो नकळत अहो-जाहो सोडून एकेरीवर आला होता. सुरभी म्हणाली, "सूर्य उजव्या हाताले होता, भाऊ. गाडी नागपूरकडे चाललती. सकाळचा सूर्य समोर कसा येईन?"

"कॉम्प्युटरात कुठंबी ठेवता येते नं?"

"ठेवता येते."

"मंग ठेव नं! अन् बोर्ड जरा खाली घे, जमिनीलोक. बाई पळत येऊन राह्यली असं दाखव." तो खिडकीशी गेला, खाली थुंकला आणि ओठ पुसत वळला. "मरणारी मेली बाप्पा. आता जित्या माणसानं मराचं का तिच्यापाई?"

सुरभीनं "पाहते" एवढंच म्हटलं. तो गेल्यावर तिनं सूर्य खरंच समोर आणून पाहिला. एका आकड्याचा तर प्रश्न होता. रस्ता सोन्यासारखा चमकला, काचेवर तिरीप आली, बोर्डाची लांब निळी सावली पडली आणि तिरिपेच्या झगमगाटात बाहुली गायब झाली. चित्र सुंदर दिसत होतं. तिनं आजवर केलेल्या कुठल्याही बंगल्यापेक्षा सुंदर. ते पाहता पाहता तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं मशीन बंद केलं आणि बाथरूममध्ये जाऊन वाकून उभी राहिली.

त्यानंतर रूपराव आला. तोच टिप्परचा ड्रायव्हर. आर्वीकडचा माणूस, पन्नाशीला आलेला, बारीक, दात काळे-लाल झालेले. गजेंद्रनं त्याला पाठवलं होतं. सीटवरून काय दिसतं ते मॅडमला नीट सांग, आणि कोर्टात काय बोलायचं ते पिच्चर पाहून पाठ कर.

सुरभीनं त्याला खुर्ची दिली आणि आपली खुर्ची मागे सरकवली. त्याच्या अंगाला डिझेलचा आणि तंबाखूचा आंबूस वास येत होता. तिनं सूर्य उजव्या हाताचा, बोर्ड खांबांवरचा, असंच चित्र लावलं होतं. दुसरं तिच्याकडून लावलं गेलं नाही. काचेतून रस्ता सरकू लागला. बोर्ड जवळ आला. खांबांमधून करडी आकृती दिसली.

रूपराव खुर्चीच्या कडेला सरकला. "थांबवा जी."

तिनं थांबवलं.

"मले दिसलती ते," तो म्हणाला.

सुरभीनं माउसवरचा हात काढून घेतला.

"बोर्डाच्या खालून पाय दिसले. हिरवं लुगडं होतं. डोक्यावर पाटी. गाडी जाऊ द्याची म्हून थांबलती बिचारी, कडेले. मी पाह्यलं, अन् म्हटलं, थांबली हाय, निघून जातो." त्यानं तळहात गुडघ्यावर घासले. "तोंडात खर्रा होता. तोंड भरून आलतं. थुंकाले मान बाहेर काढली. तेवढ्यात स्टेअरिंग डाव्या बाजूले ओढलं गेलं. मान आत घेतली तं... आवाज आलता."

सुरभीला हात धुवावेसे वाटले, आत्ताच्या आत्ता. जिन्यातले ते लाल कोपरे, गजेंद्रची वर केलेली हनुवटी, खिडकीतून खाली गेलेली पिचकारी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं. एक बाई थुंकीपायी मेली होती. दारू नव्हती, झोप नव्हती, ब्रेक फेल झाले नव्हते. थुंकायचं होतं म्हणून.

रूपराव रडू लागला. रडताना त्याचं तोंड उघडं राहिलं आणि आतला लालपणा दिसत राहिला. त्यानं पाणी मागितलं. तिनं दिलं. पेला त्यानं ओठांना लावून घटाघटा रिकामा केला आणि टेबलावर ठेवला. तिला त्याची दया यायला हवी होती. ती त्या पेल्याकडे बघत होती.

"हे कोर्टात सांगा," ती म्हणाली.

"मालक म्हणते, ऊन होतं म्हण. गाडी त्याची हाय, कमाई त्याच्या हातात हाय. घरी माणसं हायेत मॅडम."

"मंग मले काऊन सांगितलं?"

रूपराव डोळे पुसत उठला. तो गेला. सुरभीनं तो पेला चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं गजेंद्रला फोन करून काम होणार नाही म्हणून सांगितलं. तो आधी हसला, मग आवाज चढवला. "तुह्यासारखे छप्पन पडले हायेत नागपूरले!" त्यात खोटं काही नव्हतं. नागपूरहून कोणीतरी त्याला हवा तसा पिच्चर करून दिला. त्यानं गावात सांगायलाही सुरुवात केली की ही पोरगी काम घेते आणि अर्ध्यात सोडते. दोघांतिघांनी आपले नकाशे परत नेले.

बापूजींना तिनं सगळं सांगितलं, खर्र्याचंही. ते म्हणाले, "मनोहररावाकडे जाऊ." मनोहरराव म्हणजे पंचफुलेचा नवरा. जामजवळच्याच एका खेड्यात त्याचा भाजीचा मळा होता.

ते पोचले तेव्हा तो मेथीच्या जुड्या बांधत होता. बापूजींना ओळखत होता, त्यानं बाज टाकली. सुरभीनं लॅपटॉप उघडून मांडीवर ठेवला आणि हळूहळू समजावून सांगू लागली. हा टिप्पर, हा बोर्ड, हा उजेड.

मनोहरराव करड्या आकृतीवर बोट नेऊन थांबला. बोट त्यानं टेकवलं नाही. "हे कोन?"

"काकू," सुरभी म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

"हे?" त्यानं परत पाहिलं. "हिले तोंड नाई. पाटी नाई डोक्यावर. हे बाहुलं उभं करून तुमी लोकं माह्या बायकोच्या अंगावर घडीघडी गाडी नेऊन राह्यले? मांगं घेता, पुढं घेता? शिसारी नाई येत तुमाले?"

आयुष्यभर दुसऱ्यांची शिसारी करणाऱ्या मुलीला हे कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिनं लॅपटॉप मिटला. त्या दिवशी गजेंद्रच्या तेलकट बोटाचा तिला राग आला होता, आणि टिप्पर मागेपुढे करून पाहताना तिनं स्वतः कितीदा तेच केलं होतं.

बापूजी मध्ये पडले. "पोरीचा हेतू वाईट नाई, मनोहरराव. ड्रायव्हरच्या डोयापासून तिनं नजर सोडून पाह्यली. आपन पाट पाह्यतो नं, कुठं फुटला, तशी. नजर तुमच्या घरवालीपावतर पोचते. अडत नाई कुठं."

"म्हंजे त्याले दिसलती?"

"दिसाले पाह्यजे होती," सुरभी म्हणाली. "दिसली का नाई, थे मशीन सांगत नाई. पण थो स्वतः मले बोलला. दिसलती म्हने." आणि तिनं रूपरावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पंचफुला कडेला थांबली होती, हेही.

मनोहरराव जुडी बांधत राहिला. मग त्यानं हातातली मेथी खाली ठेवली. "थुंकाले?" एवढंच विचारलं. सुरभीनं मान हलवली. तो उठून मळ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. बापूजी आणि सुरभी बाजेवर बसून राहिले.

मनोहररावाची वकीलबाई अनुभवी होती. तिनं सुरभीचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ड्रायव्हर जे खासगीत बोलला ते तुम्ही कोर्टात सांगून उपयोग नाही, ते त्यानंच सांगायला हवं. चित्र मात्र देऊ या.

हिंगणघाटच्या कोर्टात सुरभीची साक्ष झाली. तिनं रेषांचं चित्र दाखवलं, सूर्य उजवीकडे का ते सांगितलं. गजेंद्रच्या वकिलानं एकच विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये सूर्य हलवता येतो का?" ती म्हणाली, येतो. "तुम्ही कधी हलवून पाहिला होता का?" ती म्हणाली, हो. खोटं तिला बोलता आलं नाही. वकील हसून खाली बसला. मग त्यांनी नागपूरचा पिच्चर लावला. सोनेरी रस्ता, जमिनीपर्यंत टेकलेला बोर्ड, आणि त्यामागून एक बाई रस्त्यावर धावत येते, बकरी उधळावी तशी. तयार माणसांतली बाई होती ती, गुलाबी साडीतली, ओठांवर थोडंसं हसू असलेली. सुरभीनं तिला लगेच ओळखलं. तिच्याकडच्या संचातही होती ती, बंगल्यांच्या फाटकाशी उभी करायला. मनोहररावानं पंच्याचं टोक तोंडावर धरलं.

न्यायाधीशांनी दोन्ही चित्रं बाजूला ठेवली. म्हणाले, दोन्ही शेवटी काढलेलीच आहेत. पाहणारा माणूस काय म्हणतो ते ऐकू.

रूपराव उभा राहिला. त्यानं सगळं पाठ करून आणलं होतं. ऊन समोर होतं, असं त्यानं सुरुवातीला म्हटलंही. मग गजेंद्रच्या वकिलानं विचारलं, "आणि ती बाई पिच्चरमध्ये दाखवली तशी धावत रस्त्यावर आली. बरोबर?"

रूपरावानं बंद केलेल्या पडद्याकडे पाहिलं. त्याचं तोंड वाकडं झालं, कडू काही चावल्यासारखं.

"नाई जी. पळाली नाई थे."

"नीट आठवून सांगा."

"आठवते मले. थांबलती ते बाई. माही गाडी जाऊ द्याची म्हून थांबलती. असं बकरीवानी कायले दाखवता तिले? मले दिसलती. मी थुंकाले मान बाहेर काढलती."

कोर्टात कुजबुज झाली. वकील काही बोलू लागला, न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि रूपरावाला सगळं पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. गजेंद्र उठून बाहेर गेला.

निकाल मनोहररावाच्या बाजूनं लागला. त्यात सुरभीच्या चित्राचा उल्लेख एका ओळीत होता, विचारात घेतलं नाही असा. वकीलबाईला वाटलं तिला वाईट वाटेल. तिला वाटलं नाही. रूपरावाची नोकरी गेली आणि त्याच्यावरची पोलिसांची केसही आणखी जड झाली. तारखेला आलेला तो एकदा तिला कोर्टाच्या आवारात दिसला, नळावर खळाखळा चूळ भरताना. त्यानं हात जोडले. तिनं मान हलवली आणि पुढं निघाली. खरं बोलल्याबद्दल तिला त्याचा आदर वाटायचा, पण त्याच्याजवळ उभं राहणं तिला जमलं नाही. या दोन गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी राहिल्या, एकमेकींत मिसळल्या नाहीत.

केसची बातमी वकिलांत पसरली आणि तिला फोन येऊ लागले. आर्वीहून एक जण म्हणाला, "तुमी सूर्याबिर्याचं करता म्हने. माह्या पार्टीले अंधार पाह्यजे." तिनं फोन ठेवला आणि हात धुतले. मग स्वतःशीच हसली, कारण फोनमधून काही अंगाला लागत नाही. पुढं ती घरांचीच कामं करत राहिली. चित्रात माणसं टाकणं मात्र तिनं सोडून दिलं. ग्राहक म्हणायचे, घर ओकंओकं दिसते मॅडम. ती म्हणायची, राहाले गेले की भरन.

एके दिवशी मनोहरराव जिना चढून वर आला. चपला बाहेर काढून आत आला, तरी खुर्चीत बसला नाही.

"पोरी, एक काम हाय. थे बाहुलं अजून तुह्या मशीनमध्ये हाय का?"

"हाय काका."

"पुसून टाक."

तिनं फाइल शोधली. तो मागे उभा राहून पाहत होता. शेवटचं एकदा ते चित्र पडद्यावर आलं, पिवळ्या रेषा, खांब, करडी आकृती. तिनं ते काढून टाकलं, मग कॉम्प्युटरच्या कचरापेटीतूनही काढलं आणि पेन ड्राइव्हवरची प्रत पुसली.

"वकीलबाईकडे एक हाय," ती म्हणाली. "तिलेही सांगते."

"सांगजो." तो दाराकडे वळला. जिन्यातून कोणीतरी खाकरल्याचा आवाज आला आणि दोघांनीही एकदमच तिकडे पाहिलं. मग दोघांनीही नजर वळवली.

"चहा घेता काका?"

"नाई. जामची बस कवा हाय आता?"

तिनं गाळ्याचं शटर ओढलं, ओढणी नाकाला लावली आणि त्याला स्टँडपर्यंत गाडीवर सोडून आली.